बत्तीस गिरक्या मोजायच्या की नाही? : वाचकांचे प्रश्न, बॅलेबद्दल

गेल्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की बॅले बघायला सुरुवात करायची असेल तर ‘स्वान लेक’ नको, आधी ‘जिझेल’ बघा (दोन्ही नुसत्या नाचातून गोष्ट सांगणारे जुने बॅले), आणि गिरक्या मोजत बसू नका. त्यावर इतके मेसेज आले की खरंच भरून आलं. लहानपणी आमच्या घरी रशियातून एक गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं, आई त्याच्या पानांची आमच्या वह्यांना कव्हरं घालायची, माझ्या भूगोलाच्या वहीवर पांढऱ्या पिसांच्या ड्रेसमधली एक बाई होती, एका पायाच्या अंगठ्यावर उभी. अख्खं वर्ष मी तिच्याकडं बघत भूगोल शिकले. तेव्हापासून हे वेड आहे. निवडक प्रश्न घेते.

ताई, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही दोघांनी रविवारी टीव्हीला मोबाईल जोडून जिझेल लावलं. पहिला अर्धा तास काहीच कळेना, कुणी बोलतच नाही. पण ती पोरगी वेडी होते तिथं आमची मंडळी रडायलीच लागली. मला कळालं नाही की शब्द नाहीत, भाषा नाही, तरी रडू का आलं?
*– एक वाचक, लातूर*

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर तेच बघितलं जे बघायचं असतं.

आता एक करा, सुरुवातीचा बाकावरचा सीन परत लावा. खेड्यातली पोरगी, काळजानं नाजूक, नाचायची भारी हौस, आणि तिच्यावर प्रेम करणारा तो पोरगा मुळात सरदार घराण्यातला, शेतकऱ्याचे कपडे घालून आलेला, त्याचं लग्न आधीच दुसरीकडं ठरलेलं. जिझेल एक फूल तोडते आणि एकेक पाकळी काढत जाते, प्रेम करतो, नाही करतो, करतो, नाही करतो, आणि मधेच तिच्या लक्षात येतं की शेवटची पाकळी ‘नाही’ वर येणार, तर ती फूल टाकून देते. तो उचलतो, तिच्या नकळत एक पाकळी काढून टाकतो आणि दाखवतो, बघ, ‘हो’ आलं. बघताना आपल्याला हे गोडच वाटतं. पण तिथंच त्यानं तिला पहिल्यांदा फसवलं.

नंतर सगळं उघडं पडतं तेव्हा ती मोकळे केस घेऊन तेच सगळं परत करते. हातात फूल नाही, तरी पाकळ्या तोडते. मघाशी त्याच्यासोबत ज्या स्टेप्स आनंदानं नाचली त्याच आता अर्ध्या अर्ध्या, पाय उचलला की पुढचं विसरते, आणि संगीतकार अदाँचं संगीतसुद्धा मघाचंच, पण तुटक तुटक. वहिनींना मघाचं सगळं आठवत होतं, त्यांना आठवतंय हे त्यांना माहीत नव्हतं एवढंच, म्हणून रडू आलं. १८४१ साली पॅरिसमध्ये कार्लोटा ग्रिसी या नर्तकीनं हे पहिल्यांदा केलं तेव्हापासून बायका-पुरुष इथंच रडतात.

आता तीन जिझेल बघा, तिन्ही वेगवेगळ्या. रशियाची गालिना उलानोव्हा, १९५६ ला मॉस्कोची बोल्शोय बॅले कंपनी लंडनला गेली तेव्हा ती ४६ वर्षांची होती, त्या सुमारासची फिल्म आहे, ती बघायला बसा, पहिल्या मिनिटाला वय दिसतं आणि पाचव्या मिनिटाला ती सोळा वर्षांची होते. मग नतालिया ओसिपोव्हा, तिची उडी अशी की दुसऱ्या अंकात ती खाली येतच नाही असं वाटतं, आणि वेडाच्या सीनमध्ये तिची मला भीती वाटते. मग मरिआनेला नुन्येझ, तिचं सगळं स्वच्छ, प्रत्येक हालचाल संगीतावर बसलेली. माझी मैत्रीण नुन्येझची, मी ओसिपोव्हाची, आमचं यावर वीस वर्षांत एकमत होणार नाही आणि व्हायलाही नको. मला विचाराल तर वेडाच्या सीनमध्ये सुंदर दिसायची गरजच नाही, नुन्येझ तिथंही सुंदर दिसते, ते मला खटकतं.

वेडाच्या सीनच्या शेवटी जिझेल मरते, आणि दुसरा अंक भुतांचा आहे. लग्नाआधी फसवल्या गेलेल्या आणि मेलेल्या पोरी रात्री जंगलात येतात आणि सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या हडळीच समजा, फक्त पांढऱ्या मलमलीत.

मॅडम, नातवानं स्वान लेकचा व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणे ३२ गिरक्या असतात. मी मोजल्या, २८ च भरल्या, शेवटी तिनं काहीतरी वेगळं केलं. म्हणजे ती नापास की पास?
*– एक निवृत्त गणित शिक्षक, परभणी*

सर, पास. आणि मोजल्या म्हणून मी रागावणार नाही, मीसुद्धा पहिली दहा वर्षं मोजल्या.

त्या गिरक्यांना फुएते म्हणतात. कथकची चक्कर टाचेवर फिरते ना, इथं उलटं, अंगठ्याच्या टोकावर. दर फेरीला उभा पाय गुडघ्यात वाकतो, टाच खाली टेकते, परत वर चढतो, आणि दुसरा पाय हवेत चाबकासारखा बाहेर जाऊन आत येतो, त्या फटक्यानं फेरी मिळते. डोकं सगळ्यात शेवटी वळतं आणि सगळ्यात आधी परत येतं, नजर समोर एका ठिकाणी धरलेली, नाहीतर भोवळ येईल. हे सगळं एकाच जागेवर. बऱ्याच जणी फिरता फिरता पुढं सरकतात, मोजायचंच असेल तर ते मोजा.

पण मुळात त्या तिथं का आहेत ते सांगते. १८७७ ला मॉस्कोत स्वान लेक पहिल्यांदा झाला तो काही चालला नाही. १८९५ ला सेंट पीटर्सबर्गला पेतिपा आणि इव्हानोव्ह या नृत्य बसवणाऱ्यांनी तो नव्यानं बसवला, तळ्याकाठचे सीन इव्हानोव्हचे, दरबारातले पेतिपाचे. त्यात पिएरिना लेन्यानी म्हणून इटालियन नर्तकी होती, तिला ३२ फुएते यायचे, तिनं ते १८९३ ला सिंड्रेलामध्ये केलेच होते, म्हणून इथं घातले. म्हणजे ते एका बाईच्या अंगच्या ताकदीसाठी शिवलेलं माप आहे सर. पुढं रशियन नर्तकी माया प्लिसेत्स्काया त्या जागी फुएते न करता स्टेजभर गोल फेर धरून वेगानं फिरायची, आणि तिला कुणी नापास केलं नाही, उलट तिच्याएवढी मोठी ओदील (त्या सीनमधली काळी हंसिणी) क्वचितच झाली असेल.

तिथं काय चाललंय? काळी ओदील राजपुत्राला फसवतेय, तो तिला पांढरी ओदेत, म्हणजे तळ्याकाठी त्याला आवडलेली हंसकन्या, समजतोय, दोन्ही रोल एकच नर्तकी करते. गिरक्यांनी त्याची मती गुंग झाली पाहिजे. नर्तकी ३२ पूर्ण करून दमलेल्या चेहऱ्यानं आपल्याकडं टाळ्यांसाठी बघते आणि राजपुत्राकडं बघतच नाही, तेव्हा माझ्या दृष्टीनं ती चुकली. २८ वर थांबून सुद्धा तिची नजर राजपुत्रावरून हलली नसेल तर माझ्याकडून पैकीच्या पैकी.

आमच्याकडं कार्यक्रम झाला की पेपरात येतं, अमुक पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, नृत्यांगनेनं रसिकांची मनं जिंकली. बास. बॅलेचे समीक्षक तिकडं काय लिहितात? आणि त्यांना एवढं बोलायचा हक्क कुणी दिला?
*– कथक शिकणारी वाचक, नांदेड*

तुझ्या प्रश्नात राग आहे आणि तो बरोबर आहे. मुलगी पाच वर्षं तयारी करते आणि तिच्या वाट्याला बातमीत अर्धी ओळ येते, ती सुद्धा दरवेळी तीच. माझ्या भाचीच्या कार्यक्रमाची बातमी आली तेव्हा त्यात सत्कारमूर्तींची अकरा नावं होती आणि तिनं कोणता ताल नाचला ते नव्हतं. मला वाईट वाटलं, तिला तर किती वाटलं असेल.

तिकडं लिहिणारे मोठे झाले त्याचं कारण ते बघायचे. तेओफिल गोतिए घे, पॅरिसचा कवी, नाचाची समीक्षा लिहायचा, जिझेलची कथाही त्याचीच. १८३८ ला आपल्या दक्षिणेतल्या देवदासी पॅरिसला गेल्या होत्या, त्यांच्यातल्या अमनीबद्दल त्यानं लिहिलंय, कल्पनेतला भारत त्यात भरपूर आहे, पण ती कशी उभी राहिली, दागिने कसे, हात कसे, हे बघून लिहिलंय, म्हणून जवळपास दोनशे वर्षांनी ती आपल्याला थोडी तरी दिसते.

आणि चुकणारे पण आहेत. १९९४ ला आर्लिन क्रोचे या अमेरिकेतल्या फार मोठ्या समीक्षक बाईंनी नृत्य बसवणाऱ्या बिल टी. जोन्सच्या एका प्रयोगावर मोठा लेख लिहिला, आणि त्यातच सांगितलं की मी तो बघितलेला नाही आणि बघणारही नाही. त्यात गंभीर आजाराला तोंड देणाऱ्या लोकांचे अनुभव होते, त्यावर समीक्षा कशी करणार असा त्यांचा मुद्दा. मुद्द्यावर वाद घाला ना, पण तिकीट काढून, खुर्चीत बसून. न बघता लिहिलेलं मी समीक्षा मानत नाही, लिहिणारा कितीही मोठा असो. दुसरं, २०१० ला न्यूयॉर्कमध्ये नटक्रॅकर हा बॅले बघून समीक्षक अॅलिस्टर मकॉले यांनी जेनिफर रिंगर या नर्तकीच्या वजनावर लिहिलं, त्या खेळातल्या मिठाईचाच संदर्भ देऊन. रिंगर आधी खाण्याच्या आजारातून गेलेली होती आणि ते तिनं उघड सांगितलेलं होतं. लोक चिडले, तिनं स्वतः मात्र समीक्षकाला मत असायचा हक्क आहे असं शांतपणे सांगितलं. मी तिच्याएवढी शांत नाही. शरीर हे नर्तकीचं वाद्य आहे, मान्य, मग वाद्य कसं वाजलं ते लिहा, उडी जड पडली का, पाठ ताठ होती का.

हक्क कुणी दिला म्हणतेस, तर आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात याचा विचार केलाय. परीक्षक एकच नको, ज्याला जे कळतं त्यानं ते बघावं, शस्त्र धरून उभं राहण्याची ढब बाणविद्या जाणणाऱ्यानं, वेशभूषा चित्रकारानं, सूर-ताल गाणाऱ्यानं, प्रेमाचा अभिनय गणिकेनं. किती मोकळं मन! आणि मराठवाड्याला तर हे परकं नाहीच, शारंगदेवानं संगीतरत्नाकर आपल्या देवगिरीच्या यादवांकडं राहून लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय अख्खा नाचावर आहे. तर तू आता एक कर, पुढचा कार्यक्रम बघितलास की घरी येऊन दहा ओळी लिही, विशेषण एकही नको, फक्त काय दिसलं ते. मला पाठव, मी वाचेन.

अजिंठ्यावर परदेशात बॅले झाला होता म्हणतात. खरंय का?
*– एक वाचक, सिल्लोड*

खरंय. अॅना पाव्हलोव्हा, मरणाऱ्या हंसाच्या नाचासाठी जगभर गाजलेली, १९२२-२३ च्या दौऱ्यात भारतात आली आणि अजिंठ्याची चित्रं तिच्या मनात बसली. १९२३ ला लंडनला तिनं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले केला. त्याच वर्षी तिनं उदयशंकर या चित्रकला शिकणाऱ्या तरुणाला घेऊन राधा-कृष्ण केला, तोच पुढं आपला मोठा नर्तक झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल पण तिच्यामुळंच नाचाकडं वळल्या, आधी बॅले शिकल्या आणि मग तिनंच सांगितलं की तुमच्या मातीतलं शोधा.

भारतावरचा सगळ्यात गाजलेला बॅले मात्र १८७७ चा ‘ला बायादेर’, पेतिपाचा. त्यातली देवदासी, फकीर, मंदिर हे सगळं पीटर्सबर्गमध्ये बसून रंगवलेलं, मला ते बघवत नाही. पण त्यातच सावल्यांचा सीन आहे. अंधारात उतारावरून पांढऱ्या कपड्यातल्या मुली एकामागं एक येतात, प्रत्येक जण तेच करते, एक पाय मागं उचलून पुढं झुकायचं, मग पाठ मागं वाकवायची, दोन पावलं, परत तेच. पहिली मुलगी ते तीसेक वेळा करते, एकीचाही पाय हलला तर अख्खी रांग मोडते. आपल्याकडं एकादशीच्या दिंडीत टाळकरी एकाच पावलीवर सरकतात तेव्हा मला हाच सीन आठवतो.

आणि सिल्लोडहून संभाजीनगरला आलात की औरंगाबाद लेण्यांत जा, सातव्या लेण्यात मधोमध नाचणारी आहे आणि दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या बायका. तिचा एक हात सैल खाली सोडलाय, कंबर एका बाजूला गेलीय, आणि आत्ता, पुढच्या क्षणी वजन दुसऱ्या पायावर येणार हे दगडात कळतं. तिथं अर्धा तास बसा.

बॅलेत पुरुषाला काय काम, बाईला उचलून धरायचं एवढंच ना?
*– एक वाचक, हिंगोली*

रशियन नर्तक नुरेयेव्हचे व्हिडिओ बघा आणि मग मला परत लिहा. १९६१ च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमानतळावर रशियन पहारेकऱ्यांच्या हातून निसटला, वय २३. पुढच्या फेब्रुवारीत ४२ वर्षांच्या ब्रिटिश नर्तकी मार्गो फॉन्टेनसोबत जिझेल नाचला, ती रिटायर होणार असं लोक धरून चालले होते, ती पुढं कितीतरी वर्षं नाचली. आणि उचलणं म्हणाल तर पोतं उचलत नाहीत तिथं, ती स्वतः उडी मारते, तिच्या उडीच्या टोकाला त्याचे हात पोचले पाहिजेत, आधी नाही, नंतर नाही.

काकू, मी १६ वर्षांची आहे. सहा वर्षं भरतनाट्यम शिकतेय. ऑनलाइन बघून पॉइंट शूज मागवलेत. आता बॅले शिकता येईल का? घरचे म्हणायलेत उशीर झाला.
*– बीड*

बाळा, आधी ते अंगठ्याच्या टोकावर उभं राहायचे शूज कपाटात ठेव, माझी शपथ आहे तुला. त्यात लाकूड नसतं, कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून कडक केलेले असतात, ते पायाला धरत नाहीत, पायानं त्यांना धरायचं असतं. घोटा आणि पोटरी दोन-तीन वर्षं तयार झाल्याशिवाय, शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय त्यावर चढलीस तर घोटा जाईल आणि भरतनाट्यम पण जाईल.

उशीर म्हणशील तर अमेरिकेची मिस्टी कोपलंड तेराव्या वर्षी सुरू झाली, तिकडं तोही उशीरच मानतात, आणि २०१५ ला ती अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रिन्सिपल, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, नर्तकी झाली. मुंबईचे आमिर शाह आणि मनीष चौहान, एकाचे वडील वेल्डर, एकाचे टॅक्सीवाले, येहुदा माओर या इस्रायली गुरूंकडं शिकून आमिर लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला, मनीष अमेरिकेला. पण ते रोज तासन्‌तास गुरूसमोर होते. स्वान लेकची ओदेत होण्यासाठी सोळा म्हणजे उशीर झालाय, हे तुला मी खोटं सांगणार नाही. शिकण्यासाठी झालेला नाही.

तुझ्या अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसतेस तेव्हा, पाय बाहेर वळतात ना, ते कामाला येईल, पण बॅलेत वळण मांडीच्या खुब्यातून यावं लागतं, गुडघ्यातून ओढायचं नाही. वर्ल्ड बॅले डे म्हणून दरवर्षी मोठ्या कंपन्या त्यांचा रोजचा सराव इंटरनेटवर लाइव्ह दाखवतात, तो बघ, नुन्येझसुद्धा रोज सकाळी दांडीला धरून पहिल्या धड्यापासून सुरू करते. सुट्टीत संभाजीनगर किंवा पुण्याला कुणी नीट शिकवणारं असेल तर आईला घेऊन एक क्लास नुसता बसून बघ, बाई मुलींच्या गुडघ्याकडं बघतात की आरशात स्वतःकडं, ते बघ, आणि मला कळव.