प्रोट्रॅकर शिकताय? आधी कॉर्ड एका चॅनेलात बसवा
अमिगा या जुन्या संगणकावरच्या त्या आवाजाची ओढ असेल तर प्रोट्रॅकर या संगीत रचायच्या प्रोग्रामनेच सुरुवात करा. चॅनेल, म्हणजे एका वेळी एकच आवाज वाजवणारे मार्ग, चारच, पण कान त्यातच तयार होतो. सूर वरून खाली ओळीओळीने लिहायचे; वेग ६, टेम्पो १२५ ठेवलात की एक ओळ ०.१२ सेकंदाची.

कॉर्डचे तीन सूर तीन चॅनेलांवर पसरवू नका, ड्रम आणि बेसची पंचाईत होते. एकाच चॅनेलवर सुरापुढे इफेक्टच्या जागी ०४७ लिहा: मूळ सूर, त्याच्या चार अर्धस्वर वरचा, मग सात वरचा, असे तिन्ही भरभर फिरतात. हा मेजर कॉर्ड; मायनर कॉर्डला ०३७, म्हणजे मधला सूर तीनच अर्धस्वर वर. प्रत्येक ओळीत ते पुन्हा लिहायचं, नाहीतर नुसता मूळ सूर उरतो. ती थरथर हाच त्या काळचा खरा गोडवा!

सॅम्पलच्या (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्याच्या) लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या भागात, टक् वाजलं तर लूपची दोन्ही टोकं लाट शून्य ओलांडते तिथे आणा. आणि हो, पहिला-चौथा चॅनेल डावीकडे, दुसरा-तिसरा उजवीकडे वाजतो.