कॅरावॅन ओढायला अगदी नवीन आहोत. बेळगाव भागात सहज पोचता येईल अशी मुक्कामाची जागा कशी निवडायची?

तुम्ही लिहिलंय की एका आसाची (दोन चाकांची) छोटी कॅरावॅन, म्हणजे कारमागं जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतलीय, दोघांपैकी कुणीच आजवर मागं काही जोडून गाडी चालवलेली नाही, आणि दिवाळीनंतर कोल्हापूरहून बेळगावकडं पहिली फेरी करायचीय. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. घरी ट्रॅक्टर आहे, चार वर्षांपासून कॅरावॅनही आहे. अनुभवावरून सांगतो, जागेचे फोटो सगळ्यात शेवटी बघा. आधी एवढंच विचारा: आत गेल्यावर रिव्हर्स न घेता बाहेर पडता येतं का?

आपल्याकडं हे विचारायची सोपी रीत आहे. होमस्टेवाल्याला किंवा शेतमालकाला फोन करून "कॅरावॅन येईल का" असं विचारू नका. त्यानं ती कधी बघितलेली नसते, आणि पाहुण्याला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो "या की, आरामात येईल" म्हणतो. त्यापेक्षा विचारा, "तुमच्या दारापर्यंत उसाचा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्या जोडून येतो, की एक रस्त्याला सोडून येतो?" याचं उत्तर प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रिव्हर्स घेणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणजे तो जिथं दोन्ही ट्रॉल्यांसकट जातो, तिथं वळसा मारून बाहेर यायला वाट असतेच. गोकाक, बैलहोंगलकडं बोलत असाल तर "कब्बिन गाडी" (कानडीत उसाची गाडी) एवढं म्हटलं तरी माणूस मुद्द्यावर येतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. ट्रॉली जमिनीपासून उंच असते, कॅरावॅनचं मागचं टोक खाली असतं आणि चाकाच्या बरंच मागं लोंबतं. रस्ता आणि शेत यांच्या मधला चर, पाटावरची उंच मोरी, गावातले घरगुती स्पीडब्रेकर यांवर ते घासतं. वरून आंब्या-फणसाच्या फांद्या आणि लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा. म्हणून शेवटच्या एक किलोमीटरचा व्हिडिओ मागवून घ्या. दुचाकीवरून चालवत काढलेला असला की पुरे, सगळं दिसतं.

फाटकाचं मापही फसवतं. फाटक बारा फुटांचं आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण समोरची वाट दहा फुटांची आणि दोन्हीकडं बांध असेल तर काटकोनात वळताना कॅरावॅनची चाकं गाडीच्या चाकांमागून जात नाहीत, आतल्या बाजूनं कोपरा कापतात. गाडी आत जाते आणि कॅरावॅन फाटकाच्या खांबाला लागते. आत साधारण 50 फूट बाय 50 फूट मोकळं अंगण असेल तर सावकाश वळसा बसतो. त्याहून कमी असेल तर पहिल्या फेरीला ती जागा सोडून द्या.

माझी पहिली फेरी जांबोटीकडं होती. घर रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत, दोन्हीकडं जांभ्या दगडाचे गडगे, आणि शेवटी वाट सरळ अंगणात जाऊन संपत होती. मालक भला माणूस, त्यानं "गाडी येते" असं खरंच सांगितलं होतं. कार येतच होती. सकाळी निघताना कॅरावॅन सोडवून, सहा माणसांनी हातानं ढकलून फिरवावी लागली. त्यात एकाचा पाय आसाखाली येता येता वाचला. त्या दिवसापासून मी वाट विचारल्याशिवाय जागा ठरवत नाही, आणि तुम्हाला इतकं खोलात सांगतोय तेही त्याचमुळं.

आता भाग कुठला निवडायचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, त्यामुळं कोकण-गोव्याकडं उतरणारी प्रत्येक वाट घाटाची. चोर्ला, आंबोली, तिलारी, यांतलं काहीच पहिल्या वर्षी नको. तिलारी तर अनुभव आल्यावरही नको, इतकी तीव्र उतरण आणि अरुंद वळणं आहेत. मागून वजन ढकलत असताना ब्रेक दाबून धरला की तापतो आणि नेमका लागतो तेव्हा लागत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायची सवय आधी वंटमुरीच्या चढ-उतारावर करा, तो हायवेवरच लागतो.

पहिल्या मुक्कामाला राष्ट्रीय महामार्ग 48 धरून राहा. निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, कित्तूर हा सगळा पट्टा रुंद रस्त्याचा आहे. हायवेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतली जागा बघा, घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या दिशेला किंवा कित्तूरजवळ. सर्व्हिस रोडवर कुठून उतरायचं आणि परत कुठून चढायचं हे आदल्या दिवशीच नकाशात बघून ठेवा. मोबाईलचा नकाशा जवळची वाट म्हणून बांधावरच्या पाणंदीत नेऊन सोडतो, तेव्हा शेवटच्या टप्प्यात मालकाच्या सांगण्यावरच चला.

आणि मंगल कार्यालयांचा विचार जरूर करा. हे सहसा कुणाला सुचत नाही. वऱ्हाडाच्या बसगाड्या येतात म्हणून फाटक मोठं, मैदानात मुरूम टाकून दाबलेला, पाणी, संडास, लाईट सगळं हजर. मुहूर्त नसलेल्या दिवशी व्यवस्थापकाला विचारलं की पुष्कळदा थोड्या पैशांत रात्रभर गाडी लावू देतात. मुरुमावर उभी केलेली कॅरावॅन पाऊस आला तरी रुतत नाही. माझ्या लेखी हा नवशिक्याचा सगळ्यात सुरक्षित मुक्काम.

जमिनीचं एवढ्यासाठी सांगतो की इथं मातीच बदलते. खानापूरकडं तांबडी, जांभ्याची. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी. काळी माती वाळलेली असताना फरशीसारखी वाटते, पण अवकाळीची एक सर आली की चाक बुडतं आणि मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. दिवाळीनंतर परतीच्या पावसाचा नेम नसतो, म्हणून त्या बाजूला जाणार असाल तर डांबर किंवा मुरुमावरच थांबा. सौंदत्तीचा बेत पौर्णिमेच्या आसपास नको, यल्लम्माच्या दर्शनाला रस्ते भरून जातात.

तुमची वेळ गळीत हंगामाची आहे. अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना चालतात, त्या जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. चार वाजेपर्यंत मुक्कामाला पोचा. उजेडात कॅरावॅन नीट लावताही येते: आधी गाडीला जोडलेली असतानाच चाकाखाली फळी घालून डावी-उजवी बाजू समान करा, मग चाकांना दगड किंवा गुटके लावा, त्यानंतरच हूक सोडा. पुढं-मागंचा समतोल पुढच्या छोट्या चाकानं येतो. कोपऱ्यांचे पाय फक्त टेकवायचे, त्यांच्यावर कॅरावॅन उचलायची नाही.

विजेचं विचारताना घरच्या लाईनचं विचारा. शेतातल्या पंपाची लाईट पाळीनं येते.

रिव्हर्स टाळायचा म्हणून तो शिकायचाच नाही असं करू नका. निघण्याआधी दोन रविवार मोकळ्या मैदानात घालवा. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात डावीकडं नेला की कॅरावॅनचं मागचं टोक डावीकडं जातं. छोटी कॅरावॅन लांब ट्रॉलीपेक्षा पटकन वळते, म्हणून अगदी थोडं फिरवा, थांबा, बघा. बिघडलं की पुढं घेऊन सरळ करा. एकानं खाली उतरून, आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं.

जांबोटी-कणकुंबीचं जंगल आणि मलप्रभेचा उगम तुम्हाला बघायचाच असेल, आणि तो बघावाच, तर कॅरावॅन बेळगावजवळ मुक्कामावर सोडा आणि नुसत्या कारनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. गोकाकचा धबधबाही तसाच करा. जागा नक्की झाली की त्या वाटेचा व्हिडिओ इथं टाका, बघून सांगतो.