अण्णांचे हात का बांधलेत?

"मॅडम, माझ्या वडिलांचे हात पलंगाला बांधलेत. गुन्हेगार आहेत का ते?" भांडुपहून आलेली ती मुलगी खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती. वडील ७४ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. न्यूमोनिया होऊन चार दिवस व्हेंटिलेटरवर. आयसीयूबाहेर बसलेल्या कितीतरी घरांच्या मनात हेच असतं: आत आमच्या माणसाकडे कुणी माणूस म्हणून बघतं का?

मी समजूत घालत बसले नाही. भेटीच्या वेळेला तिच्याबरोबर आत गेले. सिस्टरांनी खरं ते सांगितलं. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंमधून श्वासनलिकेत जाते, त्यामुळे आवाजच फुटत नाही. आदल्या रात्री अण्णा बावचळले आणि ती नळी ओढू लागले. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तो बराच दिसतो; ते वेड नव्हे. जंतुसंसर्ग, काही औषधं, झोपमोड, दिवस की रात्र हेही न कळणं, सगळ्याने तो वाढतो. हात बांधले ते नळी निघू नये म्हणून, पण त्याने घाबरलेला माणूस आणखी घाबरतो, हेही मला तिच्यापुढे कबूल करावंच लागलं.

मग सिस्टरांनी विचारलं, "घरी यांना काय म्हणता? चष्मा, कानाचं मशीन काही आहे का?"

ती एकदम गप्प झाली. दोन्ही घरी कपाटात होतं. चार दिवस अण्णांच्या अंगाला कुणाकुणाचे हात लागत होते, मास्कआडून माणसं बोलत होती, आणि त्यांना ना धड दिसत होतं, ना ऐकू येत होतं. दाखल करतानाच हे विचारायला हवं होतं. आमच्याकडून ते राहिलं.

त्याच संध्याकाळी तिने दोन्ही आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर अण्णांच्या समोर वाकून म्हणाल्या, "अण्णा, सकाळ झालीय, आज बुधवार. कफ काढतेय हं, ठसका लागेल, पण थोडाच वेळ." मुलगी शेजारी असेपर्यंत हातांच्या पट्ट्या सोडून ठेवल्या.

"मी काय बोलू यांच्याशी?" तिने विचारलं.

घरातलंच बोल, म्हटलं. नळाला पाणी किती वाजता आलं, नातवाने डबा संपवला का. विचारायचं असेल तर हो-नाही पुरेल असं विचार, आणि हो असेल तर हात दाबायला सांग.

तिसऱ्या दिवशी ती नातवाची पाटी घेऊन आली. अण्णांनी थरथरत्या हाताने दोनच शब्द लिहिले: चष्मा पूस.