पार्सली: उगवणीला उशीर का, आणि बी कोणत्या झाडाचे धरावे

प्रश्न: पार्सली पेरून बारा दिवस झाले, एकही कोंब नाही. बी खराब निघाले का?

बहुधा नाही. कुंडी उकरू नका. पार्सली उगवायला 2 ते 4 आठवडे लागतात, माती थंड असेल तर आणखी जास्त. बियांतच उगवण रोखणारी द्रव्ये असतात. म्हणून पुढच्या वेळी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि 0.5 ते 1 सेंमी खोल पेरा. कोंब येईपर्यंत वरचा थर एकदाही सुकता कामा नये; बहुतेक पेरण्या इथेच फसतात. ओले गोणपाट अंथरा, पण पहिला कोंब दिसताच काढा. या पिकाला सोटमूळ असते, म्हणून किमान 20 सेंमी खोल कुंडीत जागेवरच पेरावे.

प्रश्न: पाने कशी कापावीत?

बाहेरचे देठ अगदी बुडाशी कापा, मधला कोंब राखा. नुसते शेंडे खुडले तर उरलेल्या देठाला पुन्हा पाने येत नाहीत.

प्रश्न: एक रोप पहिल्याच वर्षी फुलोऱ्यावर आले. आयते बी मिळते आहे, धरू का?

नका धरू. कोथिंबीर एकाच हंगामात बियांवर येते, पार्सली मात्र द्विवर्षायू आहे: पहिल्या वर्षी पाला, थंडी खाल्ल्यावर दुसऱ्या वर्षी फुले. घाईने फुललेल्या झाडाचे बी धरले, तर तोच गुण पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता असते आणि पाल्याचे दिवस कमी होतात. असे झाड काढून टाका. भरपूर पाला देऊन उशिरा फुलणारी, निरोगी अशी पाच-सहा झाडे बियाण्यासाठी राखा आणि त्यांची कापणी हलकी ठेवा. जिथे पुरेशी थंडी पडत नाही, तिथे झाड फुलेलच असे नाही. तिथे बी विकत घेणेच बरे.

परागीभवन कीटक करतात. कुरळ्या आणि सपाट पानांच्या जाती शेजारी फुलल्या तर संकर होतो, म्हणून एका हंगामात एकच जात फुलू द्या. कोथिंबिरीशी मात्र संकर होत नाही.

छत्रीसारखे फुलोरे एकाच वेळी पिकत नाहीत. मधला आधी तपकिरी होतो आणि बी लगेच गळू लागते. जो पिकेल तो कापून कागदी पिशवीत उलटा टांगा, सावलीत वाळवा, चोळून पाखडा. हे बी खाण्यात वापरू नका. त्यात ॲपिओल नावाचे द्रव्य असते आणि गरोदरपणात ते धोक्याचे ठरते.

कोरड्या, थंड जागी हवाबंद बाटलीत ठेवा, वर जात आणि वर्ष लिहा. दोन वर्षांनंतर उगवण झपाट्याने घटते, तेव्हा जुने बी पेरण्याआधी वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळून बघा. त्यांनाही महिनाभर वेळ द्या.