रतनवाडी ते भीमाशंकर, टप्प्याटप्प्याने

प्रश्न : घाटमाथ्याने रतनवाडी ते भीमाशंकर चालत जाण्याची फार इच्छा आहे, परंतु नोकरीमुळे शनिवार-रविवारखेरीज सवड मिळत नाही. ही वाट तुकड्यांनी चालावी का, आणि टप्पे कुठे तोडावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य चालावी. मात्र टप्पे ठरवताना किलोमीटर मोजत बसू नये. मुक्कामाला पाणी कुठे आहे आणि परतीची एसटी कुठून सुटते, हे आधी पाहावे. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत व पाचनई हा पहिला टप्पा होतो. दुसऱ्या टप्प्यात १४२४ मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड चढून, वाघाचे शिल्प असलेल्या तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरावे. जवळच खुबी फाट्यावर कल्याण-नगर महामार्ग लागतो, त्यामुळे खंड पाडायला याहून सोयीची जागा नाही.

पुढचा टप्पा खिरेश्वर ते नाणेघाट. यात मोठा किल्ला नसल्याने बरेच जण हे अंतर गाडीने कापतात. माझ्या मते तसे करू नये. जिथे थांबलो तिथूनच पुन्हा पाऊल टाकले, तरच घाटमाथा सलग कळतो, आणि सातवाहनांचा शिलालेख असलेल्या नाणेघाटाच्या लेण्यापाशी पायी पोहोचल्यावर जुन्नरचा व्यापार या वाटेने कोकणात का उतरत असे, तेही उमगते.

नाणेघाटाहून जीवधन, ढाकोबा आणि दुर्ग या डोंगरांचा भाग सर्वांत देखणा आणि वाट चुकवणाराही आहे. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते, त्यात ढोरवाटा ठळक दिसतात आणि पायवाट दबून जाते. ढोरवाट बहुधा कुरणात किंवा पाणवठ्याशी फुटून विरते. माणसांच्या वाटेवर मात्र दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात आणि ती खिंडीचा रोख सोडत नाही. म्हणून हा टप्पा गवत कापले गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत ठेवावा. फेब्रुवारीनंतर माथ्यावरची टाकी आटू लागतात, तेव्हा पाण्याची चौकशी पायथ्याच्या गावातच करून निघावे.

दुर्गच्या पायथ्याच्या दुर्गवाडीहून आहुपे गावामार्गे भीमाशंकर हा शेवटचा टप्पा. अभयारण्याच्या दाट रानात वाटा फुटत असल्याने आहुप्यातून वाटाड्या घ्यावा, आणि त्याला एकट्याने परत चालत जायचे असल्याने परतीच्या दिवसाचीही मजुरी द्यावी.