अमेरिकी सैनिक अंगावर अरबीत 'काफिर' गोंदवून घेतात, हे त्यांच्या सैन्यात चालतं कसं? आपल्याकडे चाललं असतं का?

मी साताऱ्यात टॅटूचं दुकान चालवतो. फौजेत नव्हतो, पण या जिल्ह्यात हे दुकान टाकलं की गिऱ्हाईक एकतर भरतीची तयारी करणारं येतं, नाहीतर सुट्टीवर आलेलं. त्यामुळे हा विषय माझ्या खुर्चीत रोज येऊन बसतो.

आधी अमेरिकेचं. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत तिथल्या सैनिकांत ही टूम निघाली. कुणी इंग्रजीत 'इन्फिडेल' काढलं, कुणी अरबीत 'काफिर'; अर्थ एकच, इस्लाम न मानणारा. कापडी बिल्ले निघाले, स्टिकर निघाले. बोभाटा झाला तो मार्च २०२५ मध्ये, संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांचे पर्ल हार्बरला नौदलाच्या कमांडोंबरोबर व्यायाम करतानाचे फोटो आले तेव्हा. हातावर 'देउस वुल्ट', म्हणजे 'देवाची इच्छा', ही पहिल्या क्रूसेडमधली, म्हणजे मुसलमानांविरुद्धच्या ख्रिस्ती धर्मयुद्धातली आरोळी, आणि तिच्याखाली अरबी अक्षरांत 'काफिर'. याच गृहस्थांचं नाव जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांच्या शपथविधीच्या बंदोबस्तातून कटलं होतं, कारण ते ज्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे तिथल्या राखीव सैन्यात होते, त्यातल्याच एकाने 'देउस वुल्ट'बद्दल वर कळवलं होतं. (ते स्वतः म्हणतात, छातीवरच्या जेरुसलेम क्रॉसमुळे कटलं.) चार वर्षांनी तोच माणूस अख्ख्या फौजेच्या डोक्यावर.

चालतं कसं, तर नियमाच्या फटीतून. अमेरिकी लष्कर चार तऱ्हेचे टॅटू चालवून घेत नाही: अतिरेकी, अश्लील, बायकांना हिणवणारे आणि वंशद्वेषी. कपड्याखाली झाकलेले असले तरी नाहीत. आता 'काफिर' यातल्या कशात बसवणार? माणूस दुसऱ्याला नाही, स्वतःलाच म्हणतोय. सुटला.

काढणाऱ्यांचं म्हणणं असं की ते आम्हाला काफिर म्हणतात ना, मग आम्ही मिरवतो. हे मला पटकन कळतं. मुंबईत आपल्या लोकांना 'घाटी' म्हणून हिणवलं, आज पोरं तेच टी-शर्टवर छापून फिरतात. पण घाटी मिरवणारा पोरगा हिणवणाऱ्याच्या दारात बंदूक घेऊन उभा नसतो. इथेच गणित फिरतं. आणि धंद्यातली एक गोष्ट सांगतो: अक्षरं कुठल्या लिपीत काढलीत यावरून ती कुणासाठी आहेत ते कळतं. इंग्रजीतलं 'इन्फिडेल' हे पलटणीतल्या दोस्तांसाठी. अरबी अक्षरं काढणाऱ्याला स्वतःलाच वाचता येत नाहीत. ती पहिल्यांदा वाचतो शेजारी उभा असलेला दुभाषा, ज्याच्या भरवशावर गस्त चाललेली असते. मग गावातला म्हातारा. आणि त्याच फौजेतले मुसलमान सैनिक, तेही हजारोंनी आहेत.

अशा गोष्टी किती महागात पडतात हे त्यांना माहीत नाही असंही नाही. मे २००८ मध्ये बगदादजवळ रदवानियात एका अमेरिकी नेमबाजाने कुराणाची प्रत निशाणबाजीला वापरली. बगदादमधल्या अमेरिकी फौजेच्या प्रमुखाला, एका मेजर जनरलला, टोळीप्रमुखांसमोर उभं राहून माफी मागावी लागली, दुसऱ्या अधिकाऱ्याने नवी प्रत ओठांना लावून त्यांच्या हातात दिली, त्या सैनिकाला इराकमधून परत धाडलं. एका माणसाच्या टवाळीपायी.

आपल्याकडचा नियम आधी जागेचा आहे. सैन्यभरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. बाकी अंगावर दिसला की मेडिकलला बाहेर. परंपरेने गोंदवून घेणाऱ्या आदिवासी मुलांना तेवढी सवलत. केंद्रीय सशस्त्र दलांच्या (सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे) सूचनांत तर चक्क लिहिलेलं असतं की देश धर्मनिरपेक्ष आहे, लोकांच्या धार्मिक भावनांचा मान राखायचा, म्हणून धर्मचिन्ह आणि नाव चालेल. फक्त डाव्या हातावर, कारण सॅल्यूट उजव्याने करायचा. छातीवर राजमुद्रा काढून आलेली, मैदान मारलेली पोरं माझ्याकडे येऊन 'दादा, घालवता येईल का' म्हणून रडलीत. लेझरला आठवडे-आठवडे थांबून सिटिंग घ्यावी लागतात, मेडिकल असतं पुढच्या महिन्यात. तेव्हा भरतीचा विचार असेल तर आधी जाहिरात वाचा, मग सुईखाली बसा.

धर्माच्या खुणेला आपली फौज इतकी जपून का असते, याचं एक उत्तर तमिळनाडूतल्या वेल्लोरला आहे. १८०५ च्या अखेरीस कंपनीच्या मद्रास फौजेत हुकूम निघाला: गणवेशात कपाळावर गंध-भस्म नाही, कानात बाळी नाही, दाढी नाही. वर नवी पगडी आली, तिच्यावर कातडं आहे अशी बोलवा झाली. १० जुलै १८०६ ला पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले, शंभरावर इंग्रज मारले गेले. अर्काटहून इंग्रजांचं घोडदळ आलं आणि त्याच दिवशी शेकडो शिपायांची कत्तल झाली. हुकूम मागे घेतला, गव्हर्नर बेंटिंक आणि सेनापती क्रॅडॉक दोघांना परत बोलावलं. १८५७ च्या काडतुसांच्या आधी पन्नास वर्षं हे घडलंय. आज पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री पगारावर असतात आणि एकाच छपराखाली सर्वधर्म स्थळ असतं, ते उगीच नाही.

आता कुणीतरी विचारणारच, मग 'हर हर महादेव' कसं चालतं? चालतं, कारण त्यात माझ्या देवाचं नाव आहे, तुझ्या देवाबद्दल काही नाही.

दोनेक वर्षांपूर्वी सुट्टीवर आलेला एक हवालदार मोबाइलमध्ये हाच 'काफिर' घेऊन आला होता. पोस्टिंग काश्मीरला. जागा नियमातली, डाव्या हाताची आतली बाजू. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला वाचता येतं का हे?" म्हणाला, "नाय." "नाक्यावर ओळखपत्र मागताना हात कसा करता?" त्याने हात पुढे केला, तळवा वर. मनगटापासून कोपरापर्यंतची सगळी आतली बाजू माझ्याकडे. दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो. "बाही असती की खाली," म्हणाला. मी म्हटलं, "मग काढता कशाला?"

चिडला थोडा. चहा मागवला तो अर्धाच प्याला, "बघतो, उद्या येतो" म्हणून गेला, आला नाही. दुसरीकडे काढून घेतला असेलही.