वाचकांचे प्रश्न : ॲम्बीचं इंजिन भारी की फियाटचं?

प्रश्न : जुन्या गाड्या घेऊन आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी फुटाळा तलावावर जमतो. दर वेळी वाद एकच, ॲम्बेसेडरचं इंजिन चांगलं की प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे आपल्या फियाटचं? एक मित्र तर म्हणतो, दोन्ही ठेवा बाजूला, खरं इंजिन फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ चं. तुमचं मत काय? – एक वाचक, धरमपेठ

आधी माप पाहू. ॲम्बीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज इंजिन १४८९ सीसीचं. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८८.९ मिमी. पद्मिनीचं १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५. ४००० आरपीएमला ॲम्बीचा पिस्टन सेकंदाला सरासरी जवळजवळ १२ मीटर धावतो, फियाटचा बरोबर १०. म्हणून फियाट वरच्या आरपीएमला मोकळी वाटते, तर ॲम्बी खालूनच ओढते आणि चार माणसं, डिकीत सामान असलं तरी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत नाही.

ॲम्बीची खरी अडचण हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात आहे. इनटेकची भोकं दोनच, प्रत्येकी दोन सिलिंडरांत वाटलेली. एक्झॉस्टची तीन, त्यातलं मधलं २ आणि ३ नंबरचं सामायिक. त्यामुळे मोठा कार्ब्युरेटर लावून फार फरक पडत नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं. ताकद हवी असेल तर तो पैसा सीट कटिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि पोर्टच्या आतल्या कडा साफ करण्यावर घाला.

फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं. हलकं आहे, उष्णता लवकर सोडतं. पण एकदा गाडी जास्त तापली की वाकतं. गॅस्केट बदलण्याआधी सरळपट्टी आडवी-तिरपी लावून फिलर गेज घालून बघा आणि फट दिसली तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टाकलं की महिनाभरात पुन्हा तेच काम निघतं. ॲम्बीचं बिडाचं हेड याबाबतीत बरंच सोशिक.

आता फ्लॅटहेड. १९३२ मध्ये एकाच ओतकामात पूर्ण व्ही-८ ब्लॉक, ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती, आणि तेही सामान्य माणसाच्या गाडीत! अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणाऱ्यांनी, ते डोक्यावर घेतलं त्यात नवल नाही. पण त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, आणि जळालेला गॅस बाहेर पडताना ब्लॉकच्या पाण्याच्या जॅकेटमधून जातो. म्हणजे इंजिन स्वतःचंच पाणी तापवतं. १९५५ चं शेवरलेचं स्मॉल ब्लॉक आलं आणि हा दोष उरला नाही. ते ४.३ लिटरचं, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, बोअर स्ट्रोकपेक्षा मोठा. आमच्या मते त्या काळातलं सर्वांत शहाणं इंजिन तेच.

नागपुरात रोज चालवायची गाडी म्हणाल तर आमचा कौल ॲम्बीला. टॅपेट घरच्या घरी लावता येतात, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप आपणच नीट करू शकतो, ही त्याची एक मोठी सोय. इंजिन थंड ठेवा, प्लग काढा म्हणजे हातानं फिरेल. आठ व्हॉल्व्हना पुढून १ ते ८ नंबर द्या. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, त्याचा नंबर ९ मधून वजा करा. येईल त्या नंबरचा टॅपेट लावायचा : ८ उघडा असेल तर १, ६ उघडा असेल तर ३. गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. गेज ओढताना हलकी अडकावी, घट्ट नको. टिकटिक थांबावी म्हणून गॅप कमी करणारे मिस्त्री एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळून ठेवतात.

प्रश्न : ॲम्बेसेडर, पेट्रोल. एप्रिल लागला की सीताबर्डीच्या गर्दीत बंद पडते, अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच. – एक वाचक, महाल

थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन नीट तापतच नाही आणि कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं.

तुमचं लक्षण पेट्रोलच्या वाफेचं दिसतं. गाडी बंद पडली की लगेच पेट्रोल पंपवर ओलं फडकं गुंडाळा. पाच मिनिटांत सुरू झाली तर पाइपात वाफ धरते आहे. नाही झाली तर प्लगवर स्पार्क बघा. तोही नसेल तर गरम होऊन बसणारा कंडेन्सर किंवा कॉइल बदला.

वाफ धरण्याचं कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यानं कार्ब्युरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या अगदी जवळ बसतो. त्याखाली जाड बॅकेलाइटचं पॅकिंग घाला, मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आड लावा आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून चार बोटं दूर न्या. नवतप्यात एवढ्यानंच काम होतं.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. जुनं रबर फुगतं, त्याचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतात. या पेट्रोलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. फिकट विटकरी रंग आला की तिथं थांबा.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका. त्याचा क्षार ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती धरून बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. कॅपचं रबरही तपासा : दाब चौरस इंचाला एक पौंडानं वाढला की पाणी सुमारे दीड अंश उशिरा उकळतं, आणि गळक्या कॅपला हा फायदा मिळत नाही.

प्रश्न : १९६८ च्या फियाटमध्ये दुसरं मोठं इंजिन बसवलं तर व्हिंटेज नोंदणी मिळेल का? – एक वाचक, कामठी

नाही. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. नोंदणी नको असेल तरी इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. जुनं १०८९ सीसीचं इंजिन भंगारात देऊ नका. सिलिंडरांत ऑइल सोडून, भोकं बंद करून, कोरड्या जागी लाकडी पाटावर ठेवा. पुढेमागे व्हिंटेज नोंदणी करायची ठरलीच तर तेच परत बसवावं लागेल.